म्हणून आलो नाही

दत्तोपंतांना जाऊन चौथा महिना लागला होता, तेव्हा मल्हारराव त्यांचे नाटक मागायला आले.

मल्हाररावांची नाटक मंडळी त्या साली हाटपिपल्याला चार खेळ करून देवासला उतरली होती. अंगाने भरलेले, बोलायला आर्जवी आणि पानाने ओठ कायम रंगलेले असे ते गृहस्थ ओसरीवर बसले. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलले, अस्थी नेमावरला नेल्या की आणखी कुठे, ते विचारले. मग उपरण्यात गुंडाळलेले पिवळे पडलेले कागद काढून त्यांनी दत्तोपंतांच्या मुलीपुढे, वासंतीपुढे ठेवले.

"अक्षर ओळखता?"

वासंतीने ओळखले. अण्णांचा 'श' खाली नको इतका वळायचा. मुलींच्या शाळेत शिकवताना तिने स्वतः फळ्यावर काढलेला 'श' तसाच वळायचा.

"'शेजघर'चे कागद आहेत. आमच्या मामांच्या पेटीत निघाले. मामा धारच्या खेळात सासऱ्याचं काम करायचे. वासंतीबाई, हे नाटक आम्हाला पुन्हा उभं करायचंय. बावीस वर्षांपूर्वी लोकांना पचलं नाही. आता दिवस निराळे आहेत."

"परवानगी मिळेल?"

मल्हारराव हसले. "देवासचं हेच तर सुख आहे. रस्त्याच्या या बाजूला एक राज्य, त्या बाजूला दुसरं. इकडून अर्ज परत आला तर मांडव उचलायचा आणि समोर नेऊन ठोकायचा. प्रेक्षक तेच, फक्त चप्पल उलट्या दिशेला काढायची."

तिला हसू आले नाही. आत माजघराच्या दाराशी आईच्या लाल आलवणाची कड दिसत होती. 'शेजघर' हा शब्द या घरात बावीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता.

दत्तोपंत वैशंपायनांनी आयुष्यात एकच नाटक लिहिले. तेव्हा ते धारला एका खासगी पाठशाळेत शिकवत. नाटकात पुराण नव्हते, राजा नव्हता, राक्षस नव्हता. एक चांगल्या घरातला नवरा, शरच्चंद्र त्याचे नाव, आणि त्याची बायको सुभद्रा. लग्नानंतर काही वर्षे दोघे सुखाने राहतात. मग एके दिवसापासून शरच्चंद्र शेजघरात यायचे थांबतो. त्याला बाहेर कोणी नाही, व्रत नाही, आजार नाही, भांडण नाही. तो घरात असतो, जेवतो, बाजारातून चांगली भाजी आणतो. फक्त येत नाही. सासू सुभद्रेला नवस सांगते, सासरा वैद्य आणतो, आणि पाचव्या अंकात सुभद्रा नवऱ्यापुढे उभी राहून सरळ विचारते, की नऊ वर्षे मी एकटी का निजते, ते मला सांगा.

सन अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत धारेत त्याचे दोन खेळ झाले. दुसऱ्या खेळाला जोडे आले. तिसरा झालाच नाही. गावातल्या मोठ्या माणसांनी सभा भरवली, कुलीन स्त्रीच्या तोंडी शेजेची भाषा घातल्याबद्दल निषेध केला, दत्तोपंतांकडून नाटकाचे बाड मागून घेतले आणि सगळ्यांच्या देखत जाळले. पाठशाळेच्या चालकांनी त्यांना दुसरीकडे पाहायला सांगितले.

पण खरा घाव तिथे बसला नव्हता. लोकांनी हिशेब मांडला. दत्तोपंतांना एकच मुलगी. तीही नऊ वर्षांची. तिच्यानंतर पाळणा नाही. म्हणजे सुभद्रा कोण, हे आंधळ्यालाही दिसावे. पाणवठ्यावर बायका त्यांच्या पत्नीला, नर्मदाबाईंना, वाट करून द्यायच्या आणि त्या गेल्या की हसायच्या. वासंतीला आठवत होते, शेजारची एक बाई तिच्या हनुवटीला धरून म्हणाली होती, "ही बघा साक्ष." ते काय, हे तिला त्या वयात कळले नव्हते. पुढे कळले तेव्हा तिने स्वतःही बोटांवर वर्षे मोजून पाहिली होती आणि मोजल्याची लाज वाटून तिने हात पदराखाली घेतले होते.

त्यानंतर ते तिघे देवासला आले. वासंती अकराव्या वर्षी विधवा झाली, सासरचा उंबरठा तिने ओलांडलाच नव्हता. अण्णांनी तिचे केस राखले आणि हातात पुस्तके दिली. जे मिळेल ते तिने वाचले. आईवडील एकमेकांशी कामापुरते बोलत, नीट बोलत, आवाज चढवून कधीच नाही. घरात भांडण नसले म्हणजे सुख असते, असे तिला बरीच वर्षे वाटत राहिले.

मल्हारराव गेल्यावर ती कागद घेऊन बसली.

नटांना तेव्हा पूर्ण नाटक कोणी देत नसे. प्रत्येकाला त्याच्यापुरती नक्कल मिळायची. नकलेत त्याची स्वतःची भाषणे असत आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्या माणसाचे शेवटचे तीनचार शब्द, म्हणजे आपण कधी तोंड उघडायचे ते समजावे. मल्हाररावांच्या पेटीत सासरा, सासू आणि वैद्य यांच्या नकला होत्या. त्या एकापुढे एक ठेवून शेवटचे शब्द जुळवत गेले की नाटक पुन्हा उभे राहत होते, फुटलेल्या बरणीचे तुकडे सांधावेत तसे. सुभद्रेची आणि शरच्चंद्राची नक्कल तेवढी नव्हती. शरच्चंद्राचे काम तर अण्णांनीच केले होते, कारण दुसरा कोणी नट ते घ्यायला तयार झाला नव्हता.

"सुभद्रेचं काम गणोजी करायचा," मागून आई म्हणाली.

वासंतीने वळून पाहिले. नर्मदाबाई दारात उभ्या होत्या. वपन झाल्यापासून त्यांचा चेहरा लहान दिसायचा.

"धारचा शिंपी. त्याच्याकडे असेल. तो टाकणाऱ्यातला नव्हता."

"तुला राग नाही आला?"

नर्मदाबाई खाली बसल्या. कागदांना त्यांनी हात लावला नाही. त्यांना वाचता येत नव्हते.

"तो तालमीला आपल्या घरी यायचा. दुपारचा. बाहेरच्या खोलीत ते दोघे, आणि मी आत निवडत बसलेली. तो सुभद्रेचं बोलायचा ते सगळं मला ऐकू यायचं. वासू, ते माझं बोलणं होतं. मी एकदा, एकदाच, यांना विचारलं होतं. मनाचा हिय्या करून. हे काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. आणि चार महिन्यांनी एक शिंपी माझ्या बाहेरच्या खोलीत बसून तेच बारीक आवाजात म्हणत होता."

"आणि अण्णा?"

"हे आपलं पूर्ण म्हणायचे नाहीत. तालमीत कोण म्हणतं? शेवटचे शब्द टाकायचे, की गणोजी पुढे सुरू. पाचव्या अंकात त्यांचे शेवटचे शब्द होते, 'म्हणून आलो नाही.'" त्या थांबल्या. "रोज. म्हणून आलो नाही, म्हणून आलो नाही. त्या 'म्हणून'च्या आधी काय आहे, ते मला कधी ऐकू आलं नाही. ते त्यांनी तिथे सांगितलं, मांडवात. चारशे पुरुषांपुढे. मला नाही."

वासंतीने कागदांची चळत नीट केली.

"नाटक करायचं की नाही, ते तू ठरव," नर्मदाबाई म्हणाल्या. "पण कागद मिळाले तर ते तेवढं मला वाचून दाखव. ते काय म्हणतात ते."

शाळेला सुटी लागताच वासंती इंदूरवरून धारला गेली.

गणोजीचे दुकान सहज सापडले. दुकानात बसलेल्या माणसाने एके काळी धारेला हादरवून सोडणारी सुभद्रा उभी केली असेल, यावर विश्वास बसणे कठीण होते. पंचेचाळिशीचा, गळ्यात माप घ्यायची फीत, आणि ओठ झाकून हनुवटीपर्यंत उतरलेल्या मिशा. वासंतीने नाव सांगितले तसा तो गडबडून उठला, मांडीवरचा अंगरखा खाली पडला.

"मास्तरांची वासू? अब काय बोलू ताई... बसा. रुक्मिणी, अगं पाणी आण, मास्तरांची ताई आली."

त्याची बायको पाणी घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. कशासाठी येणे झाले ते कळल्यावर ती म्हणाली, "नेऊन टाका ते गाठोडं एकदाचं. दर दसऱ्याला शस्त्रांसोबत त्याची पूजा करतात. आणि लुगडं अजून माझ्यापेक्षा बरं नेसतात."

"चूप बस."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही," गणोजी वासंतीला म्हणाला. "पण ताई, त्या खेळानंतर गल्लीतले लोक मला वहिनी म्हणायला लागले. भिया, भाऊ, कोणी म्हणेना. तेव्हापासून मिशीला वस्तरा लावला नाही."

त्याने आतून फडक्यात बांधलेली नक्कल आणली. कागद धूप आणि कुंकवाने डागाळले होते. वासंतीने पाने उलटत पाचवा अंक काढला. सुभद्रेचे लांब भाषण होते. त्यानंतर ओळभर जागा सोडून 'म्हणून आलो नाही' हे तीन शब्द, आणि मग सुभद्रेचे शेवटचे भाषण.

"गणोजी, अण्णांची नक्कल कुठे असेल?"

"मास्तरांची नक्कल नव्हतीच. त्यांनी लिहिलेलं, त्यांना पाठ. स्वतःसाठी कोण उतरवून काढतो? त्यांचं जे होतं ते मोठ्या बाडात. ते तर जाळलं."

"पण तुम्ही समोर उभे होता. दोन्ही खेळांना. तुम्ही ऐकलं असेल, ते काय म्हणाले ते."

गणोजीने फीत गळ्यातून काढली, बोटांभोवती गुंडाळली, पुन्हा उलगडली.

"ताई, आम्ही नट लोक समोरच्याचं ऐकत नाही. शेवटचे शब्द तेवढे ऐकतो. बाकीचं ऐकत बसलं की आपलं चुकतं." त्याने फीत मांडीवर ठेवली. "पण तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतंच. सच सांगतो. मोठं बाड मी पाहिलंय. त्या जागी दोन पानं कोरी होती. वर शरच्चंद्र, असं नाव लिहिलेलं. खाली 'म्हणून आलो नाही.' मधी कोरं. मी विचारायचो, मास्तर, इथं काय? तर म्हणायचे, उद्या लिहितो. खेळाच्या दिवशी म्हणाले, उभा राहिलो की सुचेल."

"आणि?"

"पहिल्या रात्री उभे राहिले. मी विचारलं, का येत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. बघत राहिले. मग म्हणाले, म्हणून आलो नाही. लोकांना वाटलं, काय काम आहे, वा. दुसऱ्या रात्री तसंच. त्या दिवशी कोणीतरी मागून ओरडलं, मग जोडा आला. मास्तरांच्या खांद्याला लागला. ते हलले नाहीत. माझं भाषण व्हायचं होतं ना पुढे, ते मला मिळावं म्हणून त्यांनी शेवटचे शब्द तेवढे म्हटले."

रुक्मिणी हळूच म्हणाली, "हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं?"

परतीच्या वाटेवर टांग्यात वासंतीने तीन उत्तरे लिहिली. कागदावर नव्हे, मनात. आईला वाचता येत नव्हते. नक्कल हातात धरून तिने काहीही वाचून दाखवले असते तरी ते अण्णांचे ठरले असते. पहिल्या उत्तरात शरच्चंद्राने गुप्त व्रत घेतले होते. दुसऱ्यात त्याला वैद्याने काही भयंकर सांगितले होते, आणि सुभद्रेला दुःख नको म्हणून त्याने ते पोटात ठेवले होते. तिसऱ्यात तो नुसता हात जोडून म्हणत होता, की माझेच मला कळत नाही. तिन्ही उत्तरे चांगली होती. तिसरे तर फारच चांगले होते. पण प्रत्येक तिने कुठे वाचले होते, ते तिला एकेक करून आठवत गेले. नवरा बायकोशी एका खोलीत काय बोलतो, हे तिला पुस्तकांखेरीज कुठून माहीत असणार? इंदूरची घरे दिसू लागली तेव्हा तिने तो नाद सोडला.

तिने आईला जसेच्या तसे सांगितले. कोरी पाने, 'उद्या लिहितो', जोडा, सगळे.

नर्मदाबाई बराच वेळ ज्वारी पाखडत राहिल्या.

"म्हणजे कोणालाच नाही सांगितलं?"

"नाही."

"धारेतही नाही?"

"नाही, आई."

सूप खाली ठेवून त्यांनी गुडघ्यावर हात टेकले. "बावीस वर्षं मी धरून बसले, की त्या चारशे लोकांना माहीत आहे. कोणी धारचं माणूस दारात आलं, की मी त्याच्या तोंडाकडे बघायची. याला माहीत असेल. न्हाव्याला माहीत असेल, मला नाही." मग त्या किंचित हसल्या. ते हसणे वासंतीला बघवले नाही. "आणि तिथे जाऊन नुसते उभे राहिले. तेवढं तर मला घरीही मिळत होतं."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सुभद्रा काय बोलते ते वाच."

वासंतीने वाचले. आईपुढे ते शब्द उच्चारताना तिचे कान तापले. पण एकदा सुरुवात झाल्यावर आवाज आपोआप स्थिर झाला. 'आपण बाहेर कोणाकडे जात असतात, तर मी तिचे घर शोधून तिला विचारले असते, की बाई, माझ्यात काय उणे आहे ते तू तरी सांग. पण आपण कुठेच जात नाही. आपण भिंतीपलीकडे जागे असता. मला आपली कूस बदललेली ऐकू येते. देवाने मला नुसते रांधायला हात दिले नाहीत.'

"हे शेवटचं माझं नाही," नर्मदाबाई म्हणाल्या.

"कुठलं?"

"देवाचं. मी देवाला मध्ये आणलं नव्हतं. मी याच्यापेक्षा साधं बोलले होते. ते त्यांना लिहवलं नसेल." त्या पुन्हा सुपाकडे वळल्या. "तू झालीस तेव्हा मी एकवीस दिवस शुद्धीवर नव्हते. सुईणीनं यांना बाहेर बोलावून काही सांगितलं होतं म्हणे. मला कधी वाटायचं, भ्याले असतील, मी मरेन म्हणून. कधी वाटायचं, त्यांना माझा वीट आला असेल. काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं, वासू. काहीही असतं, तरी मी त्याच्याबरोबर राहिले असते. नुसत्या 'म्हणून'बरोबर राहता येत नाही."

दाणे उडून सुपात पडत राहिले.

"करू दे त्यांना नाटक," शेवटी त्या म्हणाल्या. "ती बाई खरं बोलते. कोणीतरी ऐकावं. पण तुझ्या अण्णांच्या तोंडी कोणी शब्द घालू नका. कोरं आहे, तर कोरं ठेवा."

जागा कोरीच ठेवायची, हे ऐकून मल्हारराव खचले.

"वासंतीबाई, स्टेजवर गप्प उभं राहणं याला आमच्यात पाठ विसरणं म्हणतात. तुम्ही एवढं वाचलेल्या. दहा ओळी लिहून द्या. वडलांचंच काम पुरं केल्यासारखं होईल."

"त्यांनी पुरं केलं नाही, ते मी कसं करू?"

"मग आमचा माधव लिहील."

"तर सुभद्रेची नक्कल परत द्या."

मल्हाररावांनी माधवकडे पाहिले. माधव उंच, देखणा, मंडळीचा नायक. तो एवढा वेळ ऐकत होता. "करून बघू की," तो म्हणाला, "पुढचं भाषण सुभद्रेचं आहे. लोक रडतील तिथे. तोवर मी उभा राहतो."

तालमीत तो खरोखर चांगला उभा राहिला. न हलता, नजर खाली न टाकता. रस्त्याच्या एका बाजूने अर्ज परत आला होता, म्हणून मांडव समोरच्या बाजूला पडला, आणि मल्हाररावांनी तो विनोद येईल त्याला ऐकवला.

आई दुखवट्याच्या वर्षात जाणार नव्हती. एरवीही गेली नसतीच. वासंती शाळेतल्या दोन बायकांबरोबर चिकाआड, बायकांसाठी सोडलेल्या बांबूच्या पडद्यामागे बसली. चार अंक शांतपणे पार पडले. धारेत ज्या वाक्यांवर लोक उठून गेले होते, त्यांवर इथे कोणी उठले नाही. मल्हाररावांचे म्हणणे खरे होते, दिवस निराळे होते. पुढच्या रांगेतले एक वकील मान हलवत होते. चिकाआडच्या बायकांमध्ये मात्र पाचव्या अंकात कोणी हललेसुद्धा नाही. सुभद्रेने विचारले, "का?" वासंतीच्या शेजारची बाई, चार मुलांची आई, पदराचे टोक दातांत धरून बसली होती.

माधव उभा राहिला.

वासंतीने अण्णांना स्टेजवर कधी पाहिले नव्हते. ती त्या वेळी नऊ वर्षांची होती, घरी झोपली होती. आता तिला वाटले, असेच उभे राहिले असतील. समोर सगळे गाव, आणि एवढे शहाणे, एवढे शिकलेले अण्णा, आपल्याच नाटकात. नाटक त्यांनी लिहिलेच असेल ते या एका जागेसाठी, की इथवर आणून स्वतःला उभे केले की शब्द फुटेल. आणि तो फुटला नाही. दोनदा. त्यांच्या मरणानंतर ती नीट रडली नव्हती. आता तिला डोळ्यांपुढचे दिवे पसरलेले दिसू लागले.

तेवढ्यात मागच्या बाजूने कोणी ओरडले, "भूली ग्यो रे भिया!"

नट पाठ विसरला म्हणून हशा पिकला. कोणी शीळ घातली. पडद्याआडून पुढचे शब्द सांगणारा गडबडला आणि जे कोरेच होते तिथले वाक्य शोधू लागला. "बोला, बोला," असा त्याचा आवाज चिकापर्यंत आला. माधवने एकदा विंगेकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेले. दोन श्वास, जास्त नाही. मग त्याने हात पुढे केला आणि भरल्या आवाजात म्हणाला,

"सुभद्रे, मी तुझ्या योग्यतेचा नव्हतो. तुझ्याजवळ आलो की मला माझी लाज वाटायची. म्हणून आलो नाही."

मांडवभर टाळ्या. खुर्च्यांमधून 'वन्स मोअर' आले. माधवने ते वाक्य पुन्हा म्हटले, आणि आणखी चांगले म्हटले. चिकाआडच्या चार मुलांच्या आईने पदर तोंडातून काढला आणि डोळे पुसले.

खेळ संपला तेव्हा उजाडत आले होते. दाराशी मल्हारराव हात जोडून उभे होते. "माफ करा, वासंतीबाई. पण पाहिलंत ना? आता ते काढता यायचं नाही. लोक तेच ऐकायला येतील."

माधव रंग पुसत बाहेर आला. तिला पाहून ओशाळला. "तोंडातून गेलं. रागावलात?"

"नाही," ती म्हणाली. खरोखरच रागावली नव्हती.

घरी नर्मदाबाई आंघोळ आटोपून, ओलेत्याने तुळशीला पाणी घालत होत्या. वासंती पायरीवर बसली.

"झालं?"

"झालं."

"लोकांनी ऐकलं?"

"ऐकलं. बायकांनी तर फार."

"आणि ते?"

वासंतीला खोटे बोलता आले असते. गप्पच उभे राहिले, असे सांगून टाकणे सोपे होते आणि ते अर्धे खरेही होते.

"लोक ओरडले. मग त्या नटानं आपल्या मनानं घातलं."

"काय घातलं?"

वासंतीने सांगितले. सांगताना तिने सुभद्रेचे नाव वगळले.

नर्मदाबाईंनी हातातला तांब्या कट्ट्यावर ठेवला. "पुन्हा एकदा म्हण."

"मी तुझ्या योग्यतेचा नव्हतो. तुझ्याजवळ आलो की मला माझी लाज वाटायची. म्हणून आलो नाही."

पलीकडच्या गल्लीत कोणी गुरे सोडली होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. नर्मदाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. ओल्या आलवणातून पाणी गळून त्यांच्या पावलांभोवती साचत होते. त्या इतका वेळ तशाच उभ्या राहिल्या, की वासंती उठून त्यांना धरायला जाणार, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे त्यांचं नव्हे."

"नाही."

"ते गप्पच राहिले असते."

"हो, आई."

नर्मदाबाईंनी मान हलवली, आणि ओले आलवण बदलायला त्या आत गेल्या.